पान एकतीस, पायरी सहावी

तुम्हाला म्हणून सांगते, कॉम्प्युटरच्या मासिकात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलामागच्या वायरींसारखे ते आपोआप वाढतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "काय मेधा, तुमच्या त्या मासिकातली एखादी गंमत सांग की." मी सांगते. लोक हसतात. पण खरं सांगू का, त्यातला एकही किस्सा घडताना आम्ही हसत नव्हतो. आम्ही घाबरलेलो असायचो. आमच्या ऑफिसात कागद, शाई, फोन यांच्याइतकीच भीती लागायची, आणि ती कधी कमी पडली नाही.

ऑफिस नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. संपादक अभ्यंकर सर, पानं लावणारा विजू, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी. बाकी माणसं येऊन-जाऊन. दोन हजार साल उलटून गेलं होतं, घरोघरी कॉम्प्युटर येत होते, आणि ते बिघडतील या धास्तीनं लोक आमचं मासिक घेत होते.

*

आता पहिली गंमत ही, की आमचे संपादकच कॉम्प्युटरला टरकायचे!

अभ्यंकर सर आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. भाषा धारदार, हात मात्र माऊसजवळ गेला की थरथरायचा. मशीनसमोर बसण्याआधी ते चपला बाहेर काढून ठेवत. विजूनं एकदा विचारलं, "सर, मशीनला धुळीचा त्रास होतो म्हणून का?"

"नाही हो," सर म्हणाले, "पळायची वेळ आली तर आवाज नको म्हणून."

पण या भीतीचा त्यांनी उपयोग करून घेतला होता. मासिकात 'असं करा, तसं करा' असं जे जे छापायचं, ते आधी सरांच्या हातून व्हायला हवं, असा नियम होता. ते प्रूफ हातात घेऊन बसायचे, एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे आणि एका बोटानं तसंच्या तसं करायचे. आम्ही मागे उभे. तोंडातून शब्द काढायचा नाही. सर अडले की लेख नापास. सर घाबरले, तरी नापास!

"मी या मासिकाचा संपादक नाही," ते म्हणायचे, "पहिला बळी आहे. माझ्यावरून गेलं की मग लोकांवर सोडा."

आणि एक वाक्य तर त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. "आपल्या सांगण्यावरून एकाही माणसाची एकही फाइल जाता कामा नये. गेली, तर त्या दिवशी मी हे दुकान बंद करीन." हे म्हणताना त्यांच्या आवाजात थट्टा नसायची.

*

एकदा आम्हाला एका मोठ्या कंपनीचं आमंत्रण आलं. नवीन कॉम्प्युटर बाजारात येणार, त्याची पत्रकार परिषद. कॅम्पातलं हॉटेल, गार हवा, काट्या-चमच्यांचं जेवण. सगळ्या पेपरांची माणसं आलेली. टाय लावलेला एक साहेब इंग्रजी-मराठी मिसळून सांगत होता, की हे मशीन कधी हँग होणारच नाही.

सरांनी हात वर केला. "अहो, हे बंद कसं करायचं?"

"सर, म्हणजे शटडाउन..."

"शटडाउन मला येतं. ऐकेनासं झालं, तर बंद कसं करायचं?"

साहेब हसला. "सर, तशी वेळच येणार नाही. बघा ना!" असं म्हणून त्यानं काहीतरी क्लिक केलं आणि मोठ्या पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजलं. माऊस हलेना. काही म्हणता काही हलेना! साहेबाच्या कपाळावरचा घाम मला तिसऱ्या रांगेतून दिसत होता. नोकरीची भीती कशी दिसते, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

सर उठून उभे राहिले आणि अगदी मायेनं म्हणाले, "घाबरू नका. मी जेव्हा विचारलं, तेव्हा मी तुमच्याच बाजूनं विचारत होतो."

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "सर, आता हे खरमरीत लिहू या." सर म्हणाले, "लिहा. पण त्या माणसाचं नाव नको. त्याच्याही घरी लाइटचं बिल येत असेल."

*

अंक बाजारात आल्याचा दुसरा दिवस म्हणजे आमचा भीतीचा दिवस. लोक अंक उघडून मशीनपुढे बसलेले असत, आणि काही फिसकटलं की फोन आमच्याकडे! त्या दिवशी फोन वाजला की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. विजू तर सरळ खाली चहाला पळायचा.

पुण्याचे वाचक. ते रडत नाहीत, टोमणे मारतात. एक आजोबा म्हणाले, "तुमच्या लेखाप्रमाणे केलं. आता पडदा निळा झालाय. रंग सुंदर आहे, पण मला तो नको होता." दुसरे एक गृहस्थ प्रत्यक्ष ऑफिसात आले. अंकाबरोबर फुकट दिलेली सीडी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन बोटांत धरून आणली होती. "यात व्हायरस आहे असं आमच्या सोसायटीत बोललं जातं," ते म्हणाले. "अंक ठेवून घेतलाय. ही तुमची तुम्हाला परत."

सरांनी ती सीडी घेतली, तीन वेगवेगळ्या मशीनवर तपासून घेतली आणि त्या गृहस्थांच्या घरी स्वतः नेऊन दिली. त्यांनी दाराची साखळी न काढता फटीतून घेतली म्हणे.

*

या सगळ्या घाबरटांच्या जत्रेत आम्हाला एकच वाचक असा भेटला, की ज्याला भीती म्हणून काय ती ठाऊकच नव्हती. तानाजीराव.

ते हिंजवडीचे. चाळिशीचा उंचापुरा गडी, पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी. एका दुपारी ऑफिसात आले आणि दारातूनच म्हणाले, "मासिक हितंच निघतं नव्हं? मी तुमचा वाचक हाय. तुमची पानं फाडून मशिनीशेजारी भिताडाला चिकटवलीत. समोर बघायचं नि करायचं!"

त्यांची जमीन कंपन्यांसाठी गेली होती. पैसे आले तेव्हा भावकीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या. तानाजीरावांनी एक डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेतला, आणि बुलडोझर यायच्या आधी गावभर फिरून फोटो काढले. काही फोटो त्यांनी फ्लॉपीत घालून दाखवायला आणले होते. आम्ही ते विजूच्या मशीनवर उघडले.

मला वाटलं होतं देऊळ, बैल, असं काहीतरी असेल. तर बांध होते. नुसते बांध! कुणाचं शेत कुठं संपतं आणि कुणाचं कुठं लागतं. मोटेची विहीर, तिच्या पायऱ्या, शेजारचा उंबर. एका फोटोत त्यांची आई ज्वारीत उभी होती, डोळ्यांवर हात धरून.

"ही आय. गेल्या साली गेली," तानाजीराव म्हणाले. "आन् ही जागा, आता हितं काचंची बिल्डिंग हाय. माझा पोरगा मोठा झाल्यावं इचारंल, आपलं रान कुठं हुतं? त्याला दावायला हे एवढंच हाय. कागदावं न्हाई काय, सगळं मशिनीत."

सर त्या ज्वारीच्या फोटोकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तानाजीराव, याची कॉपी काढून ठेवा हो. मशीनचा भरवसा नाही. तुम्हाला भीती नाही वाटत?"

तानाजीराव खळखळून हसले. "तुमी छापलेलं बघूनच करतो की सगळं. मंग भीती कसली?"

ते गेल्यावर सर चिडचिडले. "या माणसाला कॉपी कशी काढायची ते शिकवा. पुढच्या अंकात घ्या!" आम्ही घेणार होतो. पण पुढच्या अंकात जाहिराती जास्त आल्या आणि तो लेख मागे पडला.

*

आता गुरुवारचा किस्सा.

सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानं वाचायलाही डॉक्टरांची सक्त मनाई. अंकात लेख होता, 'संथ झालेला कॉम्प्युटर नव्यासारखा करा!' बाहेरच्या एका लेखकानं लिहिलेला, चांगला होता. सात पायऱ्या. सहाव्या पायरीला मशीन पूर्ण पुसून प्रोग्रॅम नव्यानं बसणार आणि सातवीला आधी काढून ठेवलेल्या कॉपीवरून आपल्या फाइली परत घालायच्या. सगळ्यांत वर चौकटीत ठळक सूचना होती, की सुरुवात करण्याआधी सर्व फाइलींची कॉपी काढून ठेवा, नाहीतर त्या कायमच्या जातील.

नियम म्हणजे नियम. मी सरांच्या घरी जाऊन लेख मोठ्यानं वाचला. आधी चौकट, मग पायऱ्या. सर पलंगावर बसून हवेत एक बोट नाचवत सगळं करत होते. शेवटी म्हणाले, "चौकट आधी आहे ना? मग मला भीती नाही. पास."

त्यानंतर छपाईला जाता जाता एक अर्ध्या पानाची जाहिरात आली. ती पान एकतीसवरच हवी, असा जाहिरातदाराचा हट्ट. विजूनं जागा केली. चौकट आणि सातवी पायरी उचलून पान बासष्टवर टाकली आणि जाहिरातीखाली बारीक अक्षरांत 'उर्वरित मजकूर पान ६२ वर' असं घातलं. सगळी मासिकं असंच करतात. कथा असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

बुधवारी संध्याकाळी अंक स्टॉलवर गेला. गुरुवारी सकाळी शहरातल्या निम्म्या भागाचे नेहमीसारखे दुरुस्तीसाठी लाइट गेले. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. आणि फोन वाजला. बाईंचा आवाज, मागे रस्त्याची गडबड.

"अहो, मी कर्वेनगरातून बोलतेय, कॉइन बॉक्सवरून. तुमचं ते पान एकतीस. पाच पायऱ्या झाल्या आणि लाइट गेले बघा. संध्याकाळी आले की सहावी करते. माझ्या मशीनवर कॉलेजच्या मुलींचे प्रबंध टाइप केलेले आहेत. ते राहतील ना नीट? तेवढंच विचारायचं होतं."

"राहतील की! एक मिनिट हं, अंक बघते," असं म्हणून मी अंक उघडला.

पान एकतीस माझ्यापुढे होतं. चौकट नव्हती. चौकट कुठे गेली ते कळायला मला दोन क्षण लागले. "बाई, थांबा!" मी ओरडले. तेवढ्यात बाईंचं नाणं संपलं आणि फोन कट झाला. नाव नाही, पत्ता नाही!

विजूला पान दाखवलं. तो पांढराफटक पडला. सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम गणिताच्या मास्तरांचा आवाज आला. "रडायचं नंतर. स्टॉलवरचे अंक उचलायला माणसं पाठवा. पोस्टाचे गठ्ठे गेलेत का?"

"नाही सर, इथेच आहेत."

"देवाची कृपा. त्यांत चिठ्ठ्या घाला. आणि तुम्ही दोघं कर्वेनगरला जा. लाइट येण्याच्या आत त्या बाई सापडल्या पाहिजेत. आयुष्यात पहिल्यांदा सांगतोय, वीज मंडळानं आज सावकाश काम करावं!"

विजूच्या स्कूटरवरून निघालो. कर्वेनगर काय लहान आहे? पण प्रबंध टाइप करणारी बाई झेरॉक्सवाल्याला माहीत असणारच. कॉलेजजवळच्या दुकानात विचारलं. तो म्हणाला, "तीन आहेत. कुठली हवी? स्वस्त, चांगली की वेळेवर देणारी?"

"घाबरलेली!" विजू म्हणाला. झेरॉक्सवाल्यानं आम्हाला तिन्ही पत्ते दिले.

पहिल्या बाईंनी अंक पाहिलाच नव्हता. दुसऱ्या बाईंच्या बाल्कनीत आमच्या मासिकाच्या वर्षभराच्या सीड्या दोऱ्याला टांगून चमकत होत्या. "कबुतरं येत नाहीत," त्या म्हणाल्या. "अंक कसाय ते माहीत नाही, सीडी उत्तम आहे." एरवी मी यावर महिनाभर हसले असते. तेव्हा मी तशीच जिन्याकडे धावले, कारण ऊन उतरत आलं होतं.

तिसऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर. आम्ही दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होतो आणि आजूबाजूच्या घरांतून एकदम आवाज सुरू झाले. कुणाचा टीव्ही, कुणाचा मिक्सर, कुणाच्या पंख्याची कुरकुर. लाइट आले होते! विजू दोन-दोन पायऱ्या चढत धावला. मी कठडा धरून, कशीबशी.

वर दाराबाहेर, कॉमन पॅसेजमध्ये, एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर आमचा अंक. घराला बाहेरून कुलूप.

"तुम्ही... सहावी पायरी..." विजूला बोलता येईना.

"नाही केली," बाई म्हणाल्या. "फोनवर तुम्ही थांबा म्हणालात ना? मग थांबले. पण लाइट आले की हात शिवशिवणार, म्हणून कुलूप लावून किल्ली खालच्या जोशीकाकूंकडे देऊन आले. काही चुकलं का माझं?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. बाईंनी जोशीकाकूंकडून किल्ली आणली आणि आम्हाला पाणी दिलं. विजूनं तीन वेळा बजावून त्यांच्या फाइलींची कॉपी काढून दिली, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

सरांना फोन केला. "वाचल्या," मी म्हटलं. मग सर म्हणाले, "ही एक. बाकीच्यांचं काय?"

*

पुढचा महिना आम्ही फोनकडे बघत काढला. फोन आले, पण सगळे सुखरूप लोकांचे. कुणी तिसऱ्या पायरीला घाबरून सोडलं होतं, कुणी सहावीला मुलाला विचारलं होतं. भित्र्या वाचकांचं भलं होवो!

पुढच्या अंकासाठी मी लांबलचक दिलगिरी लिहिली. सरांची पट्टी निघाली होती, नवा चष्मा आला होता. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली. "जे घाबरले, ते वाचलेत. त्यांची माफी कसली मागता? जे घाबरले नाहीत, त्यांची मला काळजी आहे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गेल्या अंकातील पान एकतीसवरील कृती ज्या वाचकांनी न घाबरता पूर्ण केली, त्यांनी कृपया कार्यालयात येऊन भेटावे. – संपादक.'

अंक आला. भीतीचा दिवस गेला. त्यानंतरचाही गेला. कुणी आलं नाही. विजू शीळ घालायला लागला. मी घरून शिरा करून आणला होता. सरसुद्धा त्या दिवशी चपला न काढता मशीनपाशी बसले.

आणि दुपारी जिन्यात जड पावलं वाजली. दारात तानाजीराव! हातात चादरीत बांधलेला अख्खा कॉम्प्युटर, चेहऱ्यावर हसू.

"आलो बगा!" त्यांनी गाठोडं अलगद सरांच्या टेबलावर ठेवलं. "न घाबरता केलं त्यांनी यावं, आसं छापलंय. म्हनलं आपल्याबिगर हाय कोन! बक्षीस हाय का काय?"

विजू उठून उभा राहिला होता. सरांनी चष्मा काढला.

"गुरुवारी... तुमच्याकडे लाइट गेले नव्हते?" मी विचारलं.

"न्हाई ओ ताई. कंपन्या आल्यापास्नं आमच्याकडं लाइट जातच न्हाई." ते चादरीची गाठ सोडत होते. "पान फाडलं, भिताडाला लावलं, सकाळच्यालाच सहाच्या सहा पायऱ्या केल्या. लै भारी पळतंय आता, एकदम नवं! फकस्त फोटू दिसंनात. म्हनलं सातवी पायरी पुडल्या अंकात येनार आसंल, तवर कशाला हात लावा? म्हयनाभर झाकून ठिवलंय."

सर खुर्चीतून उठले. त्यांनी ती खुर्ची तानाजीरावांच्या मागे सरकवली. "बसा, तानाजीराव."

"बसतो की. आदी सातवी सांगा. फोटू सातवीत परत येत्यात नव्हं?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "तानाजीराव," ते हळूच म्हणाले, "मशीन सगळं पुसू का म्हणून विचारत होतं. तेव्हा... एकदाही भीती नाही वाटली?"

"इचारत हुतं की! दोनदा इचारलं त्यानं." तानाजीराव हसत खुर्चीत बसले. "पर सर, तुमी छापलंय म्हनल्यावं भीती कसली?"